नियम पाठ, तरी उत्तर चूक: ‘इफ’ची वाक्यं आणि मॉडिफायर

‘सर, कंडिशनलचे तिन्ही टाइप पाठ आहेत. तरी एरर स्पॉटिंगला इफ आला की माझा प्रश्न जातोच.’

कंडिशनल म्हणजे अट सांगणारी ‘इफ’ची वाक्यं, आणि एरर स्पॉटिंग म्हणजे वाक्यातला चुकीचा तुकडा ओळखायचा प्रश्न. अभ्यासिकेत हे मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याची वही न उघडताही कुठलं वाक्य चुकलं असेल ते सांगता येतं. ते बहुतेक वेळा असं असतं: ‘इफ ही वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ मुलगा दोनदा वाचतो, कानाला कुठे खटकत नाही, आणि तो ‘नो एरर’वर टिक करतो. घरी येऊन उत्तर तपासलं की डोक्याला हात लावतो, कारण नियम त्याला खरंच येत असतो. तोंडी विचारला तर घडाघडा म्हणून दाखवतो.

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या भरती परीक्षेला पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. म्हणजे येत असलेला एक प्रश्न चुकला की अडीच गुणांचा फरक पडतो. सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीच्या सीडीएस परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात १२० प्रश्न असतात आणि तिथेही निगेटिव्ह मार्किंग आहेच. असे दोन-तीन प्रश्न प्रत्येक मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, जात असतील, तर दुखणं शोधायलाच हवं. नुसते नियम आणखी एकदा लिहून काढले तर ते बरं होत नाही. मी स्वतः एकेकाळी तेच करत होतो आणि त्याच चुका पुन्हा करत होतो.

दुखणं कानात आहे. आपला कान मराठीवर तयार झालाय, आणि वर दिलेलं वाक्य मराठीच्या हिशेबानं अगदी शुद्ध आहे. ‘त्यानं सांगितलं असतं तर मी आलो असतो.’ बघा, ‘असतं’ अलीकडेही आहे आणि पलीकडेही. मराठीच्या पेपरासाठी संकेतार्थी वाक्य शिकताना ‘पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं’ हे उदाहरण आपण पाठ करतो. त्यातही तेच, दोन्ही पारड्यांत ‘असता’. इंग्रजीत मात्र ‘वुड हॅव’ एकाच पारड्यात बसतो, ‘तर’ असलेल्या बाजूच्या पलीकडे. इफच्या बाजूला ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप: ‘इफ ही हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ कान ‘असतं, असतो’ अशी जोडी मागतो, ‘वुड हॅव, वुड हॅव’ ही जोडी त्याला मिळते, आणि तो समाधानानं पुढे जातो.

म्हणून पहिला उपाय कानावरचा भरवसा काढून घेण्याचा. वाक्यात इफ दिसला की आधी बोट इफच्या बाजूवर ठेवा आणि फक्त तेवढंच वाचा. तिथे ‘वुड’ आहे का? असेल तर नव्वद टक्के काम झालं, चूक तिथेच. उरलेले अपवाद पुढे येतीलच.

दुसरी चूक जरा खोल आहे आणि हुशार मुलंही तिच्यात सापडतात. हे वाक्य घ्या: ‘आज माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं.’ इंग्रजी करा म्हटलं की बहुतेक जण ‘आय वुड हॅव बॉट’ लिहितात. पण गोष्ट आजची आहे. इंग्रजीत ती ‘इफ आय हॅड मनी टुडे, आय वुड बाय अ हाउस’ अशी होते. आता ‘काल माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं’ हे बघा. मराठीत ‘आज’च्या जागी ‘काल’ आला, बाकी एक अक्षर हललं नाही. इंग्रजीत दोन्ही क्रियापदं बदलली: ‘इफ आय हॅड हॅड मनी यस्टरडे, आय वुड हॅव बॉट अ हाउस.’ मराठी इथे आत्ताची कल्पना आणि हुकलेला काल यांना एकच कपडे घालते. ज्याला टाइप टू आणि टाइप थ्री म्हणतात, ते आपल्या भाषेत एकाच खोलीत राहतात. म्हणून ते वेगळे ओळखणं आपल्याला जड जातं, त्यात बुद्धीचा काही कमीपणा नाही.

शाळेतले निबंध आठवा. ‘मी पक्षी असतो तर’ आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’. दोन शीर्षकांत काय फरक आहे ते सहावीतल्या मुलालाही कळतं. पक्षी होणं शक्यच नाही, म्हणून ‘असतो’. पंतप्रधान होता येऊ शकतं, म्हणून ‘झालो’. इंग्रजीत पहिलं ‘इफ आय वेअर अ बर्ड’ आणि दुसरं ‘इफ आय बिकम प्राइम मिनिस्टर’. परीक्षेत मी मुलांना हीच दोन शीर्षकं वापरायला सांगतो. इफची बाजू मनात मराठीत आणा. ती ‘झालो तर’च्या जातीची निघाली, तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ आणि पुढे विल, कॅन, मे किंवा आज्ञा. ‘असतो तर’च्या जातीची निघाली, तर आणखी एकच प्रश्न विचारायचा: आत्ता की तेव्हा? आत्ता असेल तर दुसरं रूप किंवा वेअर, आणि पुढे वुडबरोबर मूळ क्रियापद. तेव्हा असेल तर हॅड आणि तिसरं रूप, पुढे वुड हॅव.

इथे एक खड्डा आहे. ‘झालो’, ‘आला’, ‘पडला’ ही रूपं दिसायला भूतकाळाची आहेत. ‘तो आला तर मी जाईन’ यातल्या ‘आला’चं भाषांतर मुलं ‘केम’ करतात आणि ‘इफ ही केम, आय विल गो’ हे वाक्य जन्माला येतं. मराठीतला ‘आला’ फक्त एवढंच सांगतो की येणं आधी पुरं होईल, मग जाणं. तो काल आला असं तो सांगत नाही. इंग्रजीतला ‘इफ ही केम’ मात्र सांगतो की येण्याची शक्यता कमी वाटते. रूप सारखं दिसतं, काम वेगळं आहे. एका बाजूला दुसरं रूप आणि दुसऱ्या बाजूला विल दिसला, की तो तुकडा चुकीचा धरायचा. परीक्षेत अशी सरमिसळ फार विचारतात.

मिश्र वाक्यांची भीती मात्र बाळगू नका. ‘इफ ही हॅड स्टडीड देन, ही वुड बी अॅन ऑफिसर नाउ’ हे वाक्य शुद्ध आहे. अट तेव्हाची, परिणाम आत्ताचा. ‘टाइप जुळत नाहीत’ म्हणून मुलं इथे चूक काढतात. ‘देन’ आणि ‘नाउ’ असे काळ दाखवणारे शब्द शोधा, ते बहुधा वाक्यातच ठेवलेले असतात. तसंच ‘इफ इट रेन्ड, वुई स्टेड अॅट होम’ हेही चालतं. त्याचं मराठी ‘पाऊस पडला की आम्ही घरीच बसायचो’ असं होतं. ही खरोखर घडत असलेली जुनी सवय आहे, त्यात कल्पना काहीच नाही.

आता इफच्या बाजूला विल येण्याबद्दल. सगळीकडे शिकवतात की इफनंतर विल येत नाही. मग ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य आलं की मुलं विलवर गोल करतात, आणि वाक्य तर बरोबर असतं. यावरची युक्ती मला मराठीनंच दिली. त्या इफच्या जागी मराठीत काय येतं ते बघा. ‘तो येईल की नाही मला माहीत नाही.’ इथे ‘की’ आला, ‘तर’ आला नाही. इफ म्हणजे ‘तर’ असेल, तर विल नको. इफ म्हणजे ‘की नाही’ असेल, तर विल चालतो. व्हेनचंही तसंच आहे. ‘जेव्हा’ असेल तर विल नको: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘कधी’ असेल तर विल चालतो: ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.’ दहा नियमांपेक्षा ‘तर’ की ‘की’ हा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो. विलचा आणखी एक वापर विनंतीचा, ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ म्हणजे ‘जरा थांबता का’ अशा अर्थाचा. तोही शुद्ध आहे, वुड घालून केलेली विनंतीही शुद्ध आहे. परीक्षेत क्वचित येतो, पण वर सांगितलेले अपवाद हेच.

नकाराची चूकही मराठीतूनच येते. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो’ हे मराठीत स्वाभाविक आहे, इंग्रजीत ‘अनटिल यू डोन्ट कम’ चूक. अनटिल, अनलेस आणि लेस्ट या तिघांच्या पोटातच ‘नाही’ असतो, बाहेरून आणखी एक चिकटवायचा नाही. लेस्टनंतर शुड किंवा नुसतं मूळ क्रियापद.

‘हॅड आय नोन’, ‘वेअर आय इन युअर प्लेस’, ‘शुड यू नीड हेल्प’ अशी उलटी वाक्यं आली की घाबरू नका. आपणही बोलताना ‘जर’ गाळतोच की: ‘माहीत असतं तर आलो असतो.’ वाक्याच्या सुरुवातीला हॅड, वेअर किंवा शुड आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, म्हणजे तिथे न लिहिलेला इफ आहे. चूक दोनच जागी करतात. एक तर इफ आणि उलटा क्रम दोन्ही ठेवतात, ‘इफ हॅड आय नोन’. नाहीतर पुढच्या बाजूला नुसता ‘वुड कम’ ठेवतात, जिथे ‘वुड हॅव कम’ हवा.

आणि ‘इफ आय वॉज यू’? इंग्रजी बोलणारे लोक ‘वॉज’ सर्रास म्हणतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण पेपर काढणारा ‘वेअर’च मागतो. परीक्षेत वेअरच लिहा.

मॉडिफायर

मॉडिफायर म्हणजे वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीचं काही सांगणारा शब्द किंवा तुकडा. त्याच्या प्रश्नांत मुलं हतबल होतात, कारण तिथे पाठ करायला टाइपही नसतात. वाक्य वाचलं, अर्थ कळला, मग चूक कुठे आहे?

हे वाक्य बघा: ‘रीडिंग द बुक, स्लीप ओव्हरकेम मी.’ मराठीत ‘पुस्तक वाचताना मला झोप लागली.’ मराठीत कोणीही हरकत घेणार नाही. क्रियापद ‘लागली’ हे झोपेशी जुळतं, व्याकरणानं कर्ता झोप आहे. तरी पुस्तक कोण वाचत होतं, मी की झोप, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही, कारण ‘मला’ तिथे उभा आहे. मराठीत भूक लागते, राग येतो, आठवण होते, साप दिसतो, आणि या सगळ्यांत माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो. तरी ‘वाचताना’, ‘जाताना’, ‘पोचल्यावर’ ही रूपं त्याच माणसाला बरोबर शोधून काढतात. इंग्रजीत हे चालत नाही. तिथे स्वल्पविरामानंतर जे नाम कर्ता म्हणून येतं, ती क्रिया त्याच्या गळ्यात पडते. म्हणजे त्या इंग्रजी वाक्यात झोप पुस्तक वाचत होती.

डँगलिंग मॉडिफायर म्हणतात तो हाच. तो का सापडत नाही हेही आता कळेल. आपला मेंदू वाचता वाचता वाक्य मराठी करतो, आणि मराठीत ते दुरुस्त होऊनच पोचतं.

यावर उपाय एका शब्दाचा: कोण? सुरुवातीच्या तुकड्याला विचारा. ‘वॉकिंग थ्रू द घाट’. कोण चालत होतं? आता स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यावर पेन्सिल टेकवा. तिथे चालणारा माणूस हवा. ‘अ लेपर्ड’ असेल तर बिबट्या चालत होता असा अर्थ झाला. ‘ऑन रीचिंग द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. कोण पोचलं? गाडी नव्हे. ‘आय फाउंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट’ हवं.

पेन्सिल टेकवताना एक सावधगिरी. ‘रनिंग टू द बस स्टॉप, हिज बॅग फेल’ यात ‘हिज’ बघून मुलं निर्धास्त होतात, माणूस आला म्हणून. पण कर्ता बॅग आहे, हिज नुसता तिला चिकटलेला आहे. धावत बॅग नव्हती. पर्यायांत हा सापळा नेहमी लावलेला असतो, आणि कर्मणी प्रयोगाचाही: ‘आफ्टर फिनिशिंग द होमवर्क, द टीव्ही वॉज स्विच्ड ऑन’. गृहपाठ टीव्हीनं पुरा केलेला नाही.

आपल्याकडच्या परीक्षांचा आणखी एक आवडता प्रकार ‘बीइंग’चा. ‘बीइंग अ हॉलिडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड.’ ‘सुट्टी असल्यामुळे ऑफिस बंद होतं’ याचं हे सरळ भाषांतर. पण कोण सुट्टी होतं? ऑफिस नाही. म्हणून सुरुवातीला ‘इट’ लागतो: ‘इट बीइंग अ हॉलिडे’. दिवस, हवा, वेळ यांबद्दल बीइंगनं सुरू होणारं वाक्य दिसलं की आधी इट शोधा. याउलट ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग बाय’ अशा सुरुवाती रूढ झालेल्या आहेत. त्यांना कर्ता विचारायचा नाही.

सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये, म्हणजे वाक्यातला अधोरेखित भाग सुधारायच्या प्रश्नात, दुरुस्ती दोन्हीकडून होऊ शकते. नवा कर्ता देता येतो, किंवा सुरुवातीच्या तुकड्यालाच कर्ता देऊन तो पुरा करता येतो: ‘व्हाइल आय वॉज रीडिंग द बुक, स्लीप ओव्हरकेम मी.’ यातली कुठली निवडायची हे अधोरेखित भाग ठरवतो. जो भाग अधोरेखित नाही त्याला हात लावता येत नाही. चांगली तयारी असलेली मुलंही मनात सुंदर वाक्य बनवतात आणि ते पर्यायांत दिसत नाही म्हणून गोंधळतात. आधी रेघ कुठे आहे ते बघा.

जागेची चूक थोडी वेगळी. ‘ही गेव्ह अ सारी टू हिज सिस्टर रॅप्ड इन पेपर.’ मराठीत ‘कागदात गुंडाळलेली साडी’ म्हटलं की ‘गुंडाळलेली’ ही साडीच्या आधी येते, तिच्याशी लिंग-वचनानं जुळते, आणि ‘बहिणीला’मधला ‘ला’ बहिणीचं काम सांगतो. प्रत्यय एवढं सांभाळतात म्हणून आपण शब्द मागेपुढे करू शकतो. ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा नाहीतर ‘कुत्रा माणसाला चावला’, चावलेला कुत्राच. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत, सगळं काम जागा करते. ‘रॅप्ड’ ज्याच्या शेजारी बसला, त्याचा झाला. शब्दांचे तुकडे क्रमाने लावायच्या प्रश्नात हे फार उपयोगी पडतं: हू, विच किंवा तिसऱ्या रूपानं सुरू होणारा तुकडा दिसला की आधी त्याचं नाम शोधून दोघांना चिकटवून टाका, बाकीचं मग.

‘ओन्ली’साठी मात्र मराठीत सोनं आहे. मराठी व्याकरणात ‘च’ शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून शिकतो, तो इथे कामाला लावा. मीच रवीला पैसे दिले. मी रवीलाच पैसे दिले. मी रवीला पैसेच दिले. ‘च’ ज्याला लागतो, अर्थ तिथे घट्ट होतो, आणि ‘च’ कधी चुकीच्या जागी लावायचं आपल्या मनातही येत नाही. ‘ओन्ली’ला ‘च’ समजा आणि ज्या शब्दाला तो लागतो त्याच्या अगदी आधी ठेवा. ‘ओन्ली आय’, ‘ओन्ली टू रवी’, ‘ओन्ली मनी’. इंग्रजी बोलणारे ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज’ म्हणतात आणि ते समजतंही, पण पर्यायांत ‘आय हॅव ओन्ली टेन रुपीज’ असेल तर तोच घ्या. ऑलमोस्ट, निअरली, इव्हन यांनाही हीच वागणूक. आणि ‘सगळेच पास होत नाहीत’ याचं इंग्रजी ‘नॉट ऑल स्टुडंट्स पास’. ‘ऑल स्टुडंट्स डू नॉट पास’ म्हटलं तर सगळे नापास असाही अर्थ निघतो.

सरावासाठी काय वापरावं असं बरेच जण विचारतात. परदेशी एमबीएसाठीच्या जीमॅट परीक्षेत व्हर्बल विभागात वाक्यदुरुस्तीचे प्रश्न असायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात ते काढून टाकले गेले, म्हणून जीमॅट देणाऱ्यांनी त्यांवर वेळ घालवू नये. पण मॉडिफायरवर हात बसवायला ते जुने प्रश्न मला अजूनही उत्तम वाटतात. वाक्यं लांब असतात, आणि लांब वाक्यातच ‘कोण?’ विचारायची सवय पक्की होते.

मॉकमध्ये चुकलेल्या प्रश्नाचं नुसतं बरोबर उत्तर वहीत उतरवू नका. शेजारी त्या वाक्याचं मराठी लिहा आणि चूक मराठीतल्या कुठल्या शब्दातून आली त्याच्याखाली रेघ मारा. ‘असतं’ की ‘आला’ की ‘नाहीस’ की ‘वाचताना’. पानं भरत गेली की रेघा तीन-चार शब्दांखालीच पडताना दिसतील. माझ्या समोर बसणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, आणि एकदा आपले ते तीन शब्द कळले की पेपरात ते दुरून ओळखू येतात.

कधी सगळं बरोबर असूनही टेस्ट सिरीजची उत्तरतालिका वेगळं सांगते. मिश्र वाक्याला चूक ठरवलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय, आणि त्या मुलांनी पुढे शुद्ध वाक्यावर शंका घ्यायला सुरुवात केली याचं मला मनापासून वाईट वाटलं. दोन जाणकारांना विचारल्याशिवाय आपला नियम बदलू नका. प्रत्यक्ष परीक्षेत एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका देते, हरकती मागवते आणि मग अंतिम उत्तरतालिका काढते. तिथे कारणासह हरकत घ्यायची सोय आहे, ती वापरा.

जाता जाता एक वाक्य. ‘इफ ट्रीटेड इन टाइम, द डॉक्टर कुड हॅव सेव्ह्ड हिम.’ इफ आहे, कुड हॅव आहे, मराठीत ‘वेळेवर उपचार झाले असते तर डॉक्टर त्याला वाचवू शकले असते’ असं सरळ उतरतं, म्हणून जवळपास सगळे ‘नो एरर’ म्हणतात. इफच्या बाजूला कर्ताच नाही. मग विचारा, कोणावर उपचार? पेन्सिल टेकते डॉक्टरवर. ‘इफ ट्रीटेड इन टाइम, द पेशंट कुड हॅव बीन सेव्ह्ड.’